रागाचे धने

रविवारी सकाळी नऊला अंबरपेठच्या घरी सगळ्यांनी यावं, असा हिम्मतरावांचा निरोप आला तेव्हाच माधवीला कळलं, की आज आपली हजेरी घेतली जाणार आहे. बाबा एरवी फोन करत. निरोप म्हणजे बैठक, आणि बैठक म्हणजे काहीतरी ठरणार. मागच्या बैठकीत अफझलगंजचं दुकान काकांकडे गेलं होतं आणि मसाल्याचा कारखाना आपल्याकडे राहिला होता. त्याच्या आधीच्या बैठकीत, बावीस वर्षांपूर्वी, माधवीचं लग्न ठरलं होतं. दोन्ही वेळा तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. आज मात्र तिलाच बोलावं लागणार होतं, कारण दोन वर्षांपासून कारखाना तिच्या हातात होता आणि तीन दिवसांपासून बंद होता.

कारखाना म्हणायचं, एवढंच. घराच्या मागं पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, एक कांडप आणि सात बायका. पण अंबरपेठपासून सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टर्सपर्यंत जिथं जिथं मराठी घर होतं, तिथल्या डब्यात इथलाच काळा मसाला आणि आमटीला लावायचं इथलंच येसर असायचं. त्यात हा एप्रिल महिना, म्हणजे वर्षाचा मसाला करून घ्यायचे दिवस. एरवी या दिवसांत गल्लीत शिरलं की ठसका लागायचा. आज माधवी आणि तिची लेक राणी गल्लीतून चालत आल्या, तर कुणाच्या तरी अंगणातल्या जाईचा वास येत होता. माधवीला तो अजिबात आवडला नाही.

झालं होतं ते असं. गुरुवारी कोंडाबाईंच्या कढईतला धन्याचा घाणा करपला. माधवी काचेच्या केबिनमधून तरातरा बाहेर आली. आता, माधवीला राग येतो हे कुणाला सांगायला नको, तो बापाकडून आलेला आहे. पण फेब्रुवारीत युवराजनं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, तिचं नाव गच्चीबावलीतल्या एका तीन दिवसांच्या कोर्सला घातलं होतं. चांगलं नेतृत्व करायचं तर आधी आपल्या भावना ओळखा, त्यांना नाव द्या, असं तिथं शिकवलं होतं. माधवीनं ते मनापासून वहीत उतरवून घेतलं होतं, सर्टिफिकेट केबिनमध्ये लावलं होतं. त्यामुळे गुरुवारी तिनं आधी “मला आत्ता राग आला आहे,” असं रीतसर सांगितलं, आणि मग बाकीच्या सहाही बायकांसमोर कोंडाबाईंना झाडलं.

“सगळ्या गल्लीला वास आला, तुम्हाला एकटीला आला नाही? एकतीस वर्षं काय शिकलात इथं?”

कोंडाबाईंनी झारा कढईवर आडवा ठेवला, हात पुसले, चप्पल घातली आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या सहाही जणी आल्या नाहीत. भांडण नाही, निरोप नाही, काही नाही. तोंडावर बोलल्या असत्या तर माधवीनं उत्तर तरी दिलं असतं.

घरात शिरल्यावर आईनं, पद्मावतीबाईंनी, सगळ्यांच्या हातात सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, बशी दिली. चुरमुरे छान भिजले होते, वर शेंगदाणे, लिंबू. युवराज आधीच येऊन बसला होता. मांडीवर लॅपटॉप, बशी बाजूला.

“ताई, मी सरळ बोलू का?” तो म्हणाला.

“वाकडं कधी बोललास?”

“माणसं सांभाळणं तुला जमंना झालंय, नाही का? तुला कोर्सला पाठवलं, तरी हेच. यात तुझी चूक नाही, सगळ्यांनाच जमतं असं नाही. आपण भाजणीचं मशीन घेऊ. नाहीतर नाव देऊन टाकू एखाद्या मोठ्या कंपनीला. ते मसाला करतील, पाकिटावर आपलं नाव राहील.”

“आणि त्या सात जणी?” आईनं विचारलं.

“त्या तर गेल्याच ना, आई.”

“गेल्या नाहीत. आल्या नाहीत.”

“एकच झालं की.”

“एक कसं होईल?” असं म्हणून आई पाणी आणायला आत गेली.

माधवीला वाटलं होतं, आई आपल्या बाजूनं बोलेल. पण आई तर बायकांच्या बाजूची दिसत होती. युवराज मशीनच्या बाजूचा होता. बाबा खिडकीशी बसून सुशीलातले शेंगदाणे वेगळे काढत होते, ते कुणाच्याच बाजूचे दिसत नव्हते. राहता राहिली राणी. तिच्याकडे माधवीनं आशेनं बघितलं.

“मी दोन वर्षांत काय कमी केलं?” माधवी म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला होता. “सगळ्यांचे पगार पाच तारखेच्या आत. बसायला खुर्च्या. धने निवडून निवडून त्यांची पाठ मोडायची, म्हणून मी निवडलेले धने मागवायला लागले. धूर लागतो म्हणून बुधवारी एवढा मोठा पंखा बसवला. कुणी एका शब्दानं तरी म्हटलं का, की ताई बरं केलंत? बाबा दिवसाला तीनदा ओरडायचे. तेव्हा कुणी गेलं नाही. मी एकदा बोलले, तर...”

“आई, लाइट घे जरा,” राणी म्हणाली. “तू एकदा नाही बोलली. रोज बोलती. नुसतं आता बोलायच्या आधी सांगती, मला राग आलाय म्हणून. शेडमधल्या त्या भामाआत्या त्याची नक्कल करतात.”

युवराजला हसू आलं. माधवीच्या अंगाचा तिळपापड झाला. भाऊ हसला म्हणून नाही, पोटची पोर उलटली म्हणून. ती उठून उभी राहिली, आणि आता काय बोलायचं ते शब्द तिच्या अगदी ओठावर आले.

तेवढ्यात हिम्मतराव उठले. पंच्याहत्तरीचे बाबा गुडघ्यावर हात ठेवत कोठीत गेले आणि एक अर्धं पोतं फरफटत घेऊन आले. युवराज धावला, पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. जमिनीवर तरट अंथरलं, पोत्याचं तोंड सोडलं. धने होते, न निवडलेले. काड्या, खडे, मातीचे बारीक गोळे, सगळं त्यात.

“बस,” ते माधवीला म्हणाले.

“बाबा, मी काय बोलू लागले आणि तुम्ही...”

“एक सूपभर निवड. मग बोल. कुणी अडवणार नाही.”

माधवी बसली. न बसून सांगते कुणाला? रागारागानं तिनं सूप ओढलं आणि निवडायला लागली. पहिली दोन मिनिटं खडे सुपातून असे उडत होते की राणीनं पाय वर घेतले. पण धन्याची एक खोड आहे, घाईनं निवडले तर खडा राहतोच. मातीचा गोळा धन्याच्याच रंगाचा, धन्याएवढाच. बोट फिरवावं लागतं, नजर खाली ठेवावी लागते. हळूहळू तिचा हात संथ झाला. मग राणी तरटावर येऊन बसली. मग आई. युवराजनं जरा वेळ वाट बघितली, लॅपटॉप मिटला आणि तोही मांडी घालून बसला, जरी त्याला खडा कुठला आणि धना कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

“तुला आठवतं का,” बाबा म्हणाले, “मी धने निवडायला बसायचो?”

आठवत होतं. लहानपणापासून बघितलं होतं तिनं. बाबा मध्येच चप्पल काढून बायकांच्या रांगेत बसायचे आणि सूप पुढं ओढायचे. तिला वाटायचं, मालाची तपासणी चाललीय.

“कसली तपासणी. राग आला की बसायचो. सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब धन्याला बसले म्हटलं की बायका समजून जायच्या. दिवसाला तीनदा ओरडायचो म्हणतीस, ते सुरुवातीचं. नंतर दिवसाला तीनदा धने निवडायचो.”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं? कुठला कोर्स केला होता?” युवराजनं चेष्टेनं विचारलं.

हिम्मतरावांनी बायकोकडे बोट केलं. “हिनं. तू पाळण्यात होतास. तेव्हा भामाची सासू कामाला होती, तिला मी अद्वातद्वा बोललो, ती म्हातारी रडत बसली. हिनं एक शब्द काढला नाही. माझ्यापुढं सूप आणून ठेवलं आणि म्हणाली, एवढे निवडा, मग काय बोलायचं ते बोला. निवडून झाले तर बोलायला काही उरलंच नव्हतं. माफी मागायची तेवढी राहिली होती. लोक म्हणतात हिम्मतरावानं कारखाना उभा केला. हिम्मतरावानं मोडला असता तो, पहिल्याच वर्षी. हिनं राखला. मी हे कुणापुढं बोललो नाही कधी. आज बोलतो.”

पद्मावतीबाईंनी मान वर केली नाही. “खडे बघा,” एवढंच म्हणाल्या, पण त्यांच्या हातातलं निवडणं थांबलं होतं.

माधवीच्या डोक्यात मात्र दुसरंच काही हलायला लागलं होतं. “म्हणजे तुम्ही मुद्दाम असले धने आणायचात? बाजारात निवडलेले मिळत असून?”

“मुद्दामच. तू बंद केलंस तेव्हा मला सांगायला हवं होतं. मला वाटलं, आज ना उद्या तुझं तुलाच कळेल. ती चूक माझी.” बाबांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. “आणि नुसता राग नाही गं. खाली मान घालून हात चालू असले की माणूस बोलतं. तोंडाकडं बघत कुणी आपलं दुःख सांगत नाही. कुणाची सून नांदत नाही, कुणाचा नवरा आजारी, सगळं मला या तरटावर कळलं. कोंडाबाईचं पण.”

“कोंडाबाईंचं काय?”

माधवीनं आईकडे बघितलं, मग राणीकडे. राणी बोटानं धने इकडून तिकडे करत होती.

“त्यांना वास येत नाही, आई,” राणी म्हणाली. “त्या मोठ्या तापापासून. पाच वर्षं झाली. मी सुट्टीत लेबलं लावायला बसते ना, तेव्हा कळलं मला.”

माधवीचा हात सुपातच राहिला. सगळ्या गल्लीला वास आला, तुम्हाला एकटीला आला नाही? आपलेच शब्द तिला पुन्हा ऐकू आले, त्याच चढ्या आवाजात. कोंडाबाईंचा कोरा झालेला चेहरा दिसला. तो उर्मटपणा नव्हता तर. तिला इतकी शरम वाटली की कान तापले.

“सगळ्यांना माहीत होतं?”

“सगळ्यांना,” आई म्हणाली.

“मग मला का नाही सांगितलं कुणी?”

“कुठं सांगायचं?” आईनं शांतपणे विचारलं. “त्या काचेच्या खोलीत? दार वाजवून आत जायचं, उभं राहायचं, आणि सांगायचं, की मॅडम, मसाला भाजणाऱ्या बाईला वास येत नाही?”

युवराजनं घसा साफ केला. “पण बाबा, खरं बोलायचं तर, वास येत नसताना भाजणीला ठेवणं...”

“मी पण हेच म्हटलं होतं तिला. तर म्हणाली, साहेब, डोळे मिटते, बघा. डोळे मिटून कढई उतरवली. एक दाणा कच्चा नाही, एक जळका नाही. तेव्हापासूनचा मसाला तूच खातोस ना? कधी कळलं?”

“मग गुरुवारी काय झालं?” माधवीनं विचारलं.

“ते आम्हाला नाही माहीत,” बाबा म्हणाले. “ते तिला विचार.”

सूपभर धने निवडून झाले होते. आता बोल, असं कुणी म्हणालं नाही, आणि माधवीलाही बोलायचं उरलं नव्हतं. तिनं पायात चप्पल सरकवली. युवराज म्हणाला, “ताई, मी येऊ का?” त्याच्या आवाजात मघाचं काही नव्हतं. ती नको म्हणाली, पण जाता जाता तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं.

कोंडाबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. दारात निळा पडदा, आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली ताजी फुलं. त्या भाजी चिरत बसल्या होत्या. माधवीला बघून त्यांनी खुर्ची पुढं केली. माधवी खुर्चीवर बसली नाही, खाली बसली, आणि समोरच्या परडीतल्या गवारीच्या शेंगा मोडायला लागली.

“असू द्या मॅडम, मी करते.”

“मावशी,” माधवी म्हणाली. हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा तिला कळलं, की दोन वर्षांपासून आपण यांना नुसतं बाई म्हणतोय. दहा वर्षांची असताना यांच्याच पाटीतून ती खोबऱ्याचे तुकडे पळवायची. “मावशी, मी लय वाईट बोलले. मला माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून ते कमी वाईट होत नाही. सगळ्यांसमोर बोलले, तर सगळ्यांसमोरच माफी मागेन. आधी तुम्हाला सांगायला आले.”

कोंडाबाई चिरत राहिल्या. बराच वेळ गेला. माधवीनं तो जाऊ दिला. एरवी तिला अशी शांतता सोसत नसे, ती काहीतरी बोलून भरून टाकायची.

“वास येईना गेला तवा म्या लई रडले,” अखेर त्या म्हणाल्या, विळीकडे बघत. “इतक्या वर्साचा धंदाच नाकाचा. मग साहेब म्हणले, कसं करता? म्या म्हणले, कानानं. धना कच्चा हाय तोवर गप ऱ्हातो. मग चुरचुर करतो. ती चुरचुर बारीक झाली की उतरवायचं. तिळाचं येगळं, खोबऱ्याचं येगळं. सगळं आवाजात हाय.”

“मग गुरुवारी?”

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. “तो पंखा, मॅडम. हेलिकॉप्टर उतरल्यावानी आवाज. बुधवारी कसंबसं निभावलं. गुरुवारी काईच ऐकू येईना गेलं. तुमाला सांगावं म्हणून दाराशी दोनदा आले. तुमी फोनवर होता.”

माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगल्या मनानं बसवलेला पंखा, चांगल्या मनानं मागवलेले निवडलेले धने, चांगल्या मनानं लावलेली काच. एकदाही तिनं विचारलं नव्हतं. “पंखा उद्याच काढते,” ती म्हणाली. “मावशी, याल का?”

“बगू,” कोंडाबाई म्हणाल्या, आणि परडीतल्या शेंगा तपासून त्यातल्या दोन बाजूला काढल्या. “शिरा नीट काढा. दातात येतात.”

सोमवारी साडेसातला माधवी शेडमध्ये एकटी बसली होती, तरटावर, बाबांच्या पोत्यातले धने पुढं घेऊन. पंखा बंद होता. आठ वाजले. सव्वाआठ झाले. युवराजचा मेसेज आला, काय झालं म्हणून. मशीनचा विषय त्यानं काढला नव्हता. तिनं उत्तर दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांनी चाव्या दिल्या तेव्हा तिला वाटलं होतं, कारखाना आपला झाला. आज पत्र्याखाली एकटीनं बसल्यावर तिला कळत होतं, की चाव्या बाबांच्या होत्या, कारखाना त्या सात जणींचा होता, आणि त्यांनी तो इतकी वर्षं आपल्याला वापरू दिला होता. त्याबद्दल ती कधी आभारी झाली नव्हती. आता झाली, पण सांगायला समोर कुणी नव्हतं.

साडेआठला गल्लीतून चपलांचे आवाज आले. पुढं भामा, मागं बाकीच्या, सगळ्यांत शेवटी कोंडाबाई. माधवी उठून उभी राहिली.

“गुरुवारी मी मावशींना तुमच्यासमोर बोलले. ते चुकलं. करपण्याचं कारण मी बसवलेला पंखा होता, मावशी नव्हत्या. मी त्यांची माफी मागते. आणि तुम्ही आलात, त्याचे उपकार मी विसरणार नाही.”

कोंडाबाईंनी पदर खोचला, भट्टी पेटवली. भामानं मिरच्यांचं पोतं ओढलं. दहा मिनिटांत शेड आपल्या चालीवर आली.

आणि दहाव्या मिनिटाला पंखेवाल्याचा फोन आला. पंखा काढायला तो आज येणार होता, आता गुरुवारी येतो म्हणाला, वर म्हणाला, “थोडा ॲडजस्ट कर लो ना मॅडम.” माधवीच्या मस्तकात ठिणगी पडली. तिनं दीर्घ श्वास घेतला, फोन तोंडाजवळ नेला, आणि सातही जणींचे हात थांबल्याचं तिला जाणवलं.

“नंतर बोलते,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. भामा तरटावर जरा सरकली आणि तिनं मोकळ्या जागेसमोर सूप ठेवलं. माधवी त्या जागेत बसली.

“दोन सुपं द्या गं तिला,” भट्टीवरून कोंडाबाई म्हणाल्या. “तिच्या बापाला एकात भागायचं नाही.”

सगळ्या हसल्या. माधवीही हसली, आणि खाली मान घालून निवडायला लागली. शेजारी भामा हलक्या आवाजात, वर न बघता, तिच्या नातवाच्या शाळेचं काहीतरी सांगायला लागली. माधवी ऐकत होती. मग त्या बोलण्याच्या पलीकडून तिला कढईतला धना ऐकू आला, आयुष्यात पहिल्यांदा. चुरचुर, चुरचुर, आणि मग बारीक. तिनं मान वर केली, तर कोंडामावशीचा हात कढईच्या कानाला आधीच पोचला होता.